आजोळचा वारसा आणि 22 अक्षरांचे आरएनए

मंडळी, शाहू स्मारकच्या या सभागृहात आज पालक आहेत, विशेष शाळांतल्या बाई आहेत, आशाताईही आहेत. मूल बुद्धीनं मागे राहिलं की घरात बोट आईकडे जातं. ग्रहणात भाजी चिरलीस, गरोदरपणी कुणाचं ऐकलं नाहीस, काय वाट्टेल ते. हे मुकाट ऐकून घेणाऱ्या बायका ओपीडीत येतात आणि मला फार वाईट वाटतं, संतापही येतो. म्हणून आज मुळाशी काय घडतं ते सांगतो.

जनुकातली माहिती संदेशवाहक आरएनएवर उतरते, त्यावरून प्रथिन बनतं. पण राधानगरीच्या धरणात पाणी आहे एवढ्यानं शेत भिजत नाही. ते वेळेवर आणि बेतानं सोडणारे दरवाजे लागतात. मायक्रोआरएनए हे असे दरवाजे. लांबी जेमतेम 22 अक्षरं, म्हणजे साखळीतले 22 रासायनिक घटक. संदेशवाहक आरएनएला चिकटून ते प्रथिन बनणं थोपवतात. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी 1993 मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत पहिला मायक्रोआरएनए ओळखला. नोबेल मिळालं 2024 मध्ये.

दोन चेतापेशी जिथं जोडल्या जातात तिथं हा बेत फार नाजूक असतो. शिकताना काही प्रथिनं त्याच जागी, चटकन बनावी लागतात. पीएसडी-95 या प्रथिनाचा संदेश एफएमआरपी हे प्रथिन आणि मायक्रोआरएनए-125ए मिळून अडवतात, आणि पेशीला इशारा मिळाला की सोडतात. रवी मुड्डाशेट्टी आणि सहकाऱ्यांनी हे 2011 मध्ये दाखवलं. एफएमआरपीच नसेल तर हा ताबा सुटतो. त्या आजाराचं नाव फ्रॅजाइल एक्स. बौद्धिक अक्षमतेच्या आनुवंशिक कारणांत तो सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे.

एफएमआरपी बनवणाऱ्या एफएमआर1 जनुकात सीजीजी ही तीन अक्षरं बहुतेकांत 45 पेक्षा कमी वेळा येतात. 200 च्या वर गेली की जनुक सहसा बंद पडतं. 55 ते 200 असलेला माणूस वाहक. त्याची बुद्धी बहुधा शाबूत असते. वाहक पुरुषाकडून ही प्रत त्याच्या प्रत्येक मुलीला जाते, मुलाला कधीच नाही. त्या मुलीकडून पुढं जाताना आकडा 200 ओलांडू शकतो. म्हणजे नातवाच्या आजाराचा उगम आईच्या वडिलांत असू शकतो. त्यांचा हात पन्नाशीनंतर थरथरत असेल, तोल जात असेल, तर आपण म्हणतो, वय झालं. एखाद्या मावशीची पाळी चाळिशीआधीच गेलेली असते. ही दोन्ही वाहक असल्याची खूण असू शकते. यातलं काहीही कुणाच्या वागण्यानं झालेलं नाही! मामाच्या मुलीशी लग्न केल्यानंही फ्रॅजाइल एक्स होत नाही. तो धोका वेगळ्या आजारांचा.

सगळंच घराण्यातून येतं असंही नाही. मायक्रोआरएनए ज्यांच्या आधारानं काम करतात त्या प्रथिनांपैकी एजीओ2 मधले बदल 2020 मध्ये बौद्धिक अक्षमता असलेल्या काही मुलांत सापडले. बहुतेक बदल मुलातच नव्यानं झालेले होते.

मुळावर औषध अजून नाही. वाचोपचार, व्यवसायोपचार लवकर सुरू झाले तर उपयोग होतो. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, नॉर्मल आला म्हणून थांबू नका. सीजीजी मोजणारी डीएनए तपासणी वेगळी सांगावी लागते. आजोबा वाहक निघाले तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक असतात. धाकट्या मावशीला दिवस जाण्याआधी हे कळलं पाहिजे.