सायलेंटवरच हुता की!

(काळा पडदा. तिसरी घंटा.)

तिसरी घंटा झाली की एक आवाज येतो. प्रेक्षकांनी आपले मोबाईल बंद करावेत किंवा सायलेंट मोडवर ठेवावेत, ही विनंती. मग थोडी चुळबुळ, कुठंतरी पर्सची चेन, कुणाचं तरी खोकून घेणं. आणि अंधार.

हा व्हिडिओ तुम्ही बहुतेक फोनवरच बघताय. तेव्हा फोनला शिव्या घालायला मी बसलेलो नाही. माझं भांडण त्या घोषणेतल्या एका शब्दाशी आहे. सायलेंट.

(लाइटचा बोर्ड. डिमरवर बोटं.)

मी कोल्हापुरातल्या हौशी नाटकवाल्यांपैकी एक. दिवसा नोकरी, संध्याकाळी तालीम. प्रयोगाला माझी जागा सगळ्यात मागं, लाइटच्या बोर्डापाशी. तिथून नट लांब दिसतात, पण प्रेक्षकांची डोकी मात्र एकूण एक दिसतात. कुणाचं डुलतंय, कुणाचं शेजारच्याच्या खांद्यावर पडलंय, सगळं.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका नाटकाचा शेवट असा होता. घर विकलेलं, सामान गेलेलं. म्हातारी ओसरीवर एकटी बसलेली. ती काही बोलत नाही. तिच्यावर एकच स्पॉट, आणि तो मी चाळीस सेकंदांत शून्यावर आणायचा. चाळीस सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. मनातल्या मनात आकडे मोजत डिमर खाली घेऊन बघा, हाताला घाम फुटतो. एकदम उतरला तर प्रेक्षकाला कळतं की लाइट घालवला. सावकाश उतरला तर त्याला कळतच नाही, म्हातारी कधी दिसेनाशी झाली ते.

पंचविसाव्या सेकंदाला तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, एक पांढरा चौकोन उघडला.

आवाज शून्य. पण त्या रांगेमागची सगळी डोकी तिकडं वळलेली मला मागून दिसली. आमची म्हातारी, म्हणजे ती भूमिका करणारी बाई, नंतर रंगपटात मेकअप पुसत म्हणाली, ‘अख्ख्या अंधारात मला एकच माणूस दिसत होता, आणि तो खाली बघत होता.’

प्रयोगानंतर मी त्या माणसाला दारात गाठलं. पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. भला माणूस. म्हटलं, ‘काका, शेवटच्या सीनला फोन काढलासा.’

ते मनापासून दुखावले. ‘अहो, सायलेंटवरच हुता की!’

रंकाळा स्टँडवरून गावाकडं जाणारी शेवटची एस.टी. गाठायची होती त्यांना. किती वाजले एवढंच बघितलं होतं. आम्ही जे सांगितलं होतं ते त्यांनी अक्षरशः पाळलं होतं. मी काय बोलणार?

(डोळ्याचा क्लोजअप. बाहुली मोठी होताना.)

अंधारात गेलं की डोळा कामाला लागतो. बाहुली लगेच मोठी होते, पण खरं काम आत पडद्यावर चालतं. तिथं दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूच्या आकाराच्या रंग बघतात, दंडाच्या आकाराच्या मंद उजेड. दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. म्हणजे पहिला अंक निम्म्यावर येईतो प्रेक्षकाचा डोळा कुठं तयार होतो. आणि ही सगळी कमाई घालवायला पांढऱ्या उजेडाचे काही सेकंद पुरतात.

अजून एक गोम आहे. या दंडपेशी नजरेच्या मध्यभागी नसतात, बाजूला दाट असतात. म्हणून अंधारात डोळ्याच्या कोपऱ्याला मंद उजेड आधी दिसतो. तुम्ही स्टेजकडं बघत असता आणि चार खुर्च्या सोडून फोन उघडतो. बघायचं नाही असं कितीही ठरवा, कोपरा बघतोच. ‘ब्राइटनेस कमी केलाय’ म्हणणाऱ्यांना हे सांगायचं राहून जातं.

(खासबाग मैदान, वरून.)

आता कुणी म्हणेल, कोल्हापूरचा प्रेक्षक आणि शिस्त? बरोबर आहे. हे खासबाग मैदान, शाहू महाराजांनी बांधलेलं. इथं कुस्ती बघणारा माणूस गप्प बसत नाही, पैलवानाच्या आधी तोच डाव टाकतो. आणि त्याला लागूनच नाट्यगृह. १९१५ मध्ये ते पॅलेस थिएटर म्हणून उघडलं. पुढं त्याला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. केशवराव याच गावचे, १८९० चा जन्म. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी दोन नाटक कंपन्यांनी मिळून ‘संयुक्त मानापमान’ केलं, तेव्हा नायिका भामिनी बालगंधर्व आणि नायक धैर्यधर केशवराव. त्यानंतर तीन महिन्यांत, एकतिसाव्या वर्षी ते गेले.

त्या काळातला प्रेक्षक पदाला ‘वन्स मोअर’ घ्यायचा. नाटक रात्र रात्र चालायचं, कथानक थांबवून गाणं पुन्हा व्हायचं. प्रेक्षागृहात मिट्ट काळोख आणि सगळे चिडीचूप, ही तशी अलीकडची रीत. युरोपात वाग्नर या जर्मन संगीतकारानं १८७६ मध्ये बायरॉइटच्या आपल्या नाट्यगृहात दिवे पार उतरवले, तेव्हा लोक गोंधळले होते म्हणतात. तोवर नाटकाला जाणं म्हणजे एकमेकांना बघायला जाणंही होतं.

त्यामुळं आवाजाचं मला फारसं वावडं नाही. शिट्टी, टाळी, एखादं ‘लै भारी’ हे सगळं स्टेजच्या दिशेनं जातं. नटाला ते पोचतं, तो त्यावर थांबतो, वाढवतो. फोनच्या उजेडाचं नटानं काय करायचं?

(हातात बॅटरी. उजेड पायऱ्यांवर.)

नाट्यगृहाच्या अंधारात पूर्वी एकालाच उजेड करायची मुभा होती. डोअरकीपर. उशिरा आलेल्याला खुर्ची दाखवायची तर तो बॅटरी कमरेच्या खाली धरायचा, काचेवर दोन बोटं आडवी. उजेड पायरीवर पडायचा, चेहऱ्यावर कधी नाही. हे त्याला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. रोज अंधारात उभं राहणाऱ्याला ते कळायचं. फोन नेमका उलटा धरला जातो, छातीशी, वर तोंड करून.

(वर्तमानपत्रांची कात्रणं.)

आपल्याकडं २०१९ मध्ये हा विषय पेटला होता. सुबोध भावे यांनी वैतागून, यापुढं नाटकात कामच न केलेलं बरं असं लिहिलं होतं. मोबाईल जॅमर, म्हणजे फोनचं नेटवर्क अडवणारं यंत्र, बसवा अशी मागणी झाली. जॅमर कुणालाही बसवता येत नाही, त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते. आणि प्रेक्षकांत एखादी डॉक्टर बसलेली असते, एखाद्याचे वडील दवाखान्यात असतात. पण मला खटकतं ते वेगळं. ती सगळी ओरड वाजणाऱ्या फोनची होती. जॅमरनं घड्याळ बघायचं थांबत नाही.

उजेडावरची भांडणं बाहेर जास्त गाजली. जुलै २०१५ मध्ये न्यूयॉर्कला पॅटी लुपोन या अभिनेत्रीनं प्रयोग चालू असताना मेसेज करत बसलेल्या बाईच्या हातातला फोन स्टेजवरून जाता जाता काढून घेतला. चीनमध्ये काही नाट्यगृहांत कर्मचारी फोनच्या पडद्यावर लेझरचा ठिपका पाडतात, फोन आत जाईपर्यंत. आपल्याकडं असला ठिपका पडला तर पोरं स्वतःहून फोन काढतील, ठिपका बघायला.

(तंबोरा. देवल क्लब या कोल्हापुरातल्या संगीतसंस्थेची इमारत.)

गाण्याच्या मैफलीत गोष्ट जरा वेगळी. तिथं दिवे चालूच असतात, उजेडाचं काही वाटत नाही. तिथं आडवा येतो तो वर धरलेला हात. रेकॉर्डिंग करणारा माणूस वाईट नसतो हो. आवडलं म्हणूनच धरतो. कायद्यानं बघायला गेलं तर स्वतःपुरतं केलेलं चित्रण चालतं, पण परवानगीशिवाय ते लोकांत पसरवणं हा कलाकाराच्या हक्काचा भंग आहे, १९९४ च्या दुरुस्तीनं ते कॉपीराइट कायद्यात आलं. पण समोर बसून दाद देणाऱ्याला कलम कोण दाखवणार?

अल्लादिया खाँसाहेब याच कोल्हापूर संस्थानचे दरबारगायक. त्यांच्या गाण्याची ध्वनिमुद्रिका नाही. जे राहिलं ते शिष्यांच्या गळ्यात राहिलं. त्यातल्या एक केसरबाई केरकर. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या सोनेरी तबकडीवर चढली आणि आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलीय. गुरूचा आवाज या गावातसुद्धा ऐकायला मिळत नाही. मला हे दोन्ही एकदम आठवतं, आणि रेकॉर्डिंग चांगलं की वाईट याचा निकाल लागत नाही.

(जळालेलं छत. शांतता.)

८ ऑगस्ट २०२४. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. रात्री नाट्यगृहाला आग लागली. अख्खं गाव तिथं लोटलं. बायाबापड्या रडत होत्या, म्हातारे रंगकर्मी भिंतीला टेकून उभे होते. आणि शेकडो फोन वर. मीही काढला. दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे माझ्याकडं, अजून एकदाही बघितलेला नाही. पुसतही नाही.

त्याच नाट्यगृहात मी कितीतरी फेड आऊट, म्हणजे असे सावकाश उतरवलेले उजेड, केले. त्यातला एकही कुणी टिपलेला नाही. टिपायचा तरी कसा, कॅमेऱ्याला तिथं काळंच दिसलं असतं.

(तालमीची खोली. कागदावर पेननं खाडाखोड.)

यंदा नव्या नाटकाची घोषणा मीच लिहायला घेतली. सायलेंट खोडला. ‘फोन बंद करून खिशात ठेवा, उजेडाचं आम्ही बघतो’ असं लिहिलं. दिग्दर्शकाला ते उद्धट वाटलं. नटांना आवडलं. वाद झाला, चहा झाला, परत वाद झाला. शेवटी ते वाक्य राहिलं, आणि त्याच्यापुढं मी अजून एक जोडलं. त्यावर मात्र कुणी काही बोललं नाही.

(काळा पडदा. फक्त आवाज.)

‘नाटक बरोबर पावणेदहाला संपेल. शेवटची एस.टी. मिळेल.’