शिंगाळ्याचा काटा आणि सीटखालची पक्कड

श्रोतेहो, नमस्कार. खाडीच्या काठावर, जेटीवर किंवा खडपावर बसून मासे गरवणाऱ्या आपल्यासारख्या हौशी मंडळींना तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, किती जाडीचा घ्यावा, गळ केवढा असावा, आमिषाला कोळंबी लावावी की बांगड्याचा तुकडा, यावर रात्र सरेपर्यंत बोलता येते. मात्र मासा पाण्याबाहेर आल्यावर तो धरायचा कशाने, गळ सोडवायचा कशाने आणि घरी न्यायचा कशातून, असे विचारले की बहुतेक जण आपले दोन हात पुढे करतात. आज मी या हातांविषयी आणि त्यांच्या मदतीला असायला हव्या त्या हत्यारांविषयी बोलणार आहे. पहिली गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. मासा हाताळण्याचे हत्यार आपल्या मालकीचे असून भागत नाही, ते मासा वर येण्याआधी हाताशी असावे लागते. हाताशी म्हणजे पिशवीच्या तळाशी नव्हे आणि गाडीच्या डिकीतही नव्हे.

हे मी एवढे ठासून सांगतो, याला कारण माझ्या उजव्या पोटरीवर अजून दिसणारा एक व्रण आहे.

काही वर्षांपूर्वी, पाऊस ओसरल्यानंतरच्या एका संध्याकाळी, मी रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर गरवायला बसलो होतो. दोन-अडीच तासांत एकच मासा मिळाला, आणि तो म्हणजे दीडएक किलोचा शिंगाळा, मिशांचा, बिनखवल्यांचा मासा. त्याला चपलेखाली दाबून मी गळ कसाबसा उपटला, बाजाराची पातळ प्लॅस्टिकची पिशवी उघडून त्यात त्याला टाकले आणि स्कूटरला पुढे, दोन गुडघ्यांच्या मध्ये जो हूक असतो, त्याला पिशवी अडकवली. त्या आठवड्यातच मी लांब चोचीची नवी पक्कड घेतली होती, पण खाऱ्या पाण्याने ती गंजेल या काळजीपोटी तेल लावून, फडक्यात गुंडाळून सीटखाली ठेवली होती. शिंगाळा हलत नव्हता, म्हणून तो मेला असे मी धरून चाललो.

पुलावर एका सांध्याशी स्कूटर उडाली, पिशवी मागे झोकली गेली आणि पोटरीच्या आतल्या बाजूला कोणी तापलेली सळई खुपसावी तसे झाले. मी गाडी कशीबशी कडेला घेतली. खाली पाहिले, तर प्लॅस्टिक फोडून शिंगाळ्याचा बाजूचा काटा थेट मांसात शिरला होता. ओढून पाहिला, तर तो तसूभरही हलेना. आता माझी अवस्था डोळ्यांसमोर आणा. पिशवीचे बंद हुकात, मासा पिशवीत, माशाचा काटा माझ्या पायात, आणि ज्या पकडीने सुटका व्हायची ती पक्कड मी बसलो होतो त्या सीटच्या खाली. उठावे तर पिशवी पाय ओढते, आणि न उठावे तर सीट उघडत नाही. मोटारसायकलवरून दोन तरुण आले. त्यांतल्या एकाने, आजकालच्या रिवाजाप्रमाणे, आधी मोबाईल बाहेर काढला. दुसरा भला होता, तो मासा दोन्ही हातांनी धरून हिसकायला निघाला.

तेवढ्यात रिकामी पाटी घेऊन बाजारातून परतणारी एक मावशी तिथे पोहोचली आणि लांबूनच ओरडली, "ओढू नको रे! दाते आहेत त्याला, मांस घेऊन येतील." तिने पाटी रस्त्यावर ठेवली, डोक्यावरची ओलसर चुंबळ उलगडली, पिशवी टराटरा फाडली आणि त्या फडक्यात शिंगाळ्याचे डोके असे धरले, की बाकीचे दोन काटे तिच्या बोटांच्या मधून बाहेर आले, पण तिला कुठेही लागले नाहीत. मग दुसऱ्या हाताने कमरेची चंची सोडून तिने काय काढले असेल? सुपारीचा अडकित्ता. काट्याच्या बुंध्याशी, माशाच्या अंगालगत तिने अडकित्त्याचे पाते बसवले आणि सुपारी फुटताना येतो तसाच 'कट्' असा आवाज आला. मासा तिच्या हातात राहिला आणि काटा माझ्या पायात. एवढ्यावर तिचे काम संपले नव्हते. "आता हा डॉक्टरच काढतील," असे म्हणून तिने मला पुलाच्या टोकाच्या चहाच्या टपरीवर बसवले, टपरीवाल्याकडून बादलीत गरम पाणी मागवले, त्यात आधी स्वतःचे मनगट बुडवून पाहिले, गार पाणी घालून ते बेताचे केले आणि माझा पाय आत ठेवायला लावला. जांघेपर्यंत चढलेली आग अर्ध्या तासात निम्म्यावर आली. टपरीवरच्या एका गृहस्थांचा चुना आणि तंबाखू लावण्याचा आग्रह चालला होता. आपल्याकडे कोणत्याही जखमेवर चुना सुचवणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतोच. मावशीने त्यांना एका नजरेत गप्प केले.

दवाखान्यात डॉक्टरांनी काटा काढला, एक्स-रे काढून पाहिला, आत राहिलेली एक कपची शोधून तीही काढली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. मावशीचे गरम पाणी अगदी बरोबर होते, असे ते म्हणाले. शिंगाळ्याचे विष प्रथिनांचे असते आणि उष्णतेने त्याचा जोर मोडतो. पाणी साधारण ४५ अंश सेल्सियस असावे, त्याहून कढत नको, आणि जखम त्यात ३० ते ९० मिनिटे ठेवावी. पाणी तपासायचे ते दुखऱ्या अंगाने नव्हे, चांगल्या हाताने, कारण बधिर पायाला चटका कळत नाही. पुन्हा सांगतो, पाणी सोसेल इतकेच गरम असावे आणि ते चांगल्या हाताने पाहावे. मात्र काटा छातीत, पोटात किंवा मानेत शिरला असेल, तर तिथे कोणीही हात न लावता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

आता हत्यारांकडे वळू. शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन छातीच्या परांना. घाबरला की तो ते ताठ उभे करतो आणि ते तसेच अडकून राहतात. मासा मेला तरी काटे ताठच राहतात आणि त्यांवरच्या पातळ कातडीतले विषही लगेच नाहीसे होत नाही. म्हणून शिंगाळा वर आला की आधी ओल्या गोणपाटाखाली त्याला दाबावे आणि गळ सोडवण्याच्याही आधी तिन्ही काटे बुंध्याशी कापून टाकावेत. त्यासाठी वायरमनकडे असतो तसा तिरक्या तोंडाचा कटर उत्तम. कापलेले काटे जेटीवर टाकू नयेत, तिथे आपलीच मुले अनवाणी फिरतात. पाकट म्हणजे चाबकासारख्या शेपटीचा चपटा मासा, त्याचा काटा शेपटीवर असतो. पाकट गळाला लागले, तर नवख्याने शौर्य न दाखवता तंगूस कापून ते सोडून द्यावे हे बरे.

गळ काढायला आठ इंची, लांब चोचीची पक्कड घ्यावी. स्टेनलेस स्टीलची घेतली तर ती जास्त टिकते. तीही गंजतच नाही असे नव्हे, पण घरी गेल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेलाचा एक थेंब सांध्यात सोडला की वर्षानुवर्षे चालते. गंजेल म्हणून ती लपवून ठेवणाऱ्याचे काय होते, ते आपण आत्ताच ऐकले. पकडीला सुतळी बांधावी आणि सुतळीचे दुसरे टोक कमरेला बांधावे. बळ्यासारख्या माशाचे दात पाहिल्यावर त्याच्या तोंडात बोट घालण्याची इच्छा कोणाला होऊ नये. केंड या फुगणाऱ्या माशाची चोच तर गळाची तारसुद्धा चावून तोडते. घरातले भांडी घासायचे रबरी मोजे काट्यापुढे कागदासारखे ठरतात, त्यांच्या भरवशावर राहू नये.

मासा सोडून द्यायचा असेल, तर हात आधी ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. गळाचा उलटा दात पकडीने आधीच दाबून सपाट केला असेल, तर गळ माशाच्या तोंडातून सहज निघतो, आणि चुकून आपल्या बोटात शिरला तरी तितक्याच सहज निघतो. विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, शिंगाळ्याचा नर गोट्यांएवढी अंडी तोंडात धरून उबवतो आणि तेवढे दिवस काही खात नाही. जाळ्यात किंवा पागात, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्यात, असा नर आला, तर त्याला हलकेच पाण्यात सोडावे. पापलेटला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला त्याचा मला आनंदच आहे, पण बापपण पाहून मान द्यायचा झाला असता, तर माझे मत मला भोसकणाऱ्या या माशाला पडले असते.

राहिले घरी नेणे. पातळ पिशवी मुळीच नको. झाकणाची बादली किंवा बर्फाची पेटी घ्यावी आणि आपल्या हवेत माशाच्या वजनाइतका बर्फ घालावा. बांगडा किंवा कुपा (ट्यूना) उन्हात राहिला, तर त्याच्या मांसात हिस्टामिन हे विषबाधा करणारे द्रव्य तयार होते आणि ते कितीही शिजवले तरी जात नाही.

बरे झाल्यावर मी एक चांगला नवा कटर घेऊन मावशींना शोधत बाजारात गेलो. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चंचीतली सुपारी काढून त्यात धरली, दोनदा दाबून पाहिली आणि कटर माझ्या हातात परत ठेवला. "माशाला ठीक आहे रे," त्या म्हणाल्या, "पण खांडे नीट पडत नाहीत." तो कटर आता माझ्या कमरेला असतो.