तिच्या स्टेटसमागे कोण लिहितं

(दृश्य : एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेले तीन फोन)

हे तीन फोन बघा. पहिला सांगलीचा, दुसरा नागपूरचा, तिसरा मडगावचा. ज्यांचे हे फोन, त्या तिघी एकमेकींना ओळखत नाहीत. तिघींनी आपापल्या एका मैत्रिणीचं व्हॉट्सॲप स्टेटस उघडलं आणि त्याचा स्क्रीनशॉट आम्हाला पाठवला.

"दोन वर्षांपूर्वी मीही तुमच्यासारखीच होते. थकलेली, हरलेली. मग माझ्या आयुष्यात एक संधी आली."

पुढच्या ओळीत 'आत्मविश्वास' आहे. त्यात 'श्वा'च्या जागी 'स्वा' पडलाय. तिन्ही फोनांवर, त्याच ओळीत. शेवटची तीन हृदयं आणि रॉकेट, तेही त्याच क्रमाने.

सांगलीचा फोन ज्यांचा आहे, त्या मिरजेच्या एका इस्पितळात परिचारिका आहेत. स्टेटस लिहिणारी मैत्रीण त्यांची हॉस्टेलमधली. नर्सिंगला असताना दोघी एका खोलीत राहिल्या, एकीच्या ड्रेसवर दुसरीची ओढणी. मुलगा झाल्यावर मैत्रिणीने नोकरी सोडली. आता तिच्या प्रोफाइलवर 'वेलनेस कोच' असं लिहिलेलं आहे. या फिल्ममध्ये परिचारिका दिसतील. मैत्रीण दिसणार नाही.

हे स्टेटस पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना अपराधी वाटलं. ती इतकी हरलेली होती आणि आपल्याला पत्ताच नाही? त्यांनी लगेच फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "अगं, बरं झालं तूच फोन केलास. आज संध्याकाळी झूमवर येशील का?"

(दृश्य : व्हॉट्सॲप ग्रुप, बोट वर सरकत जातं)

मजकूर येतो तो इथून, माणसामागे माणूस जोडत माल विकणाऱ्या एका साखळी कंपनीच्या ग्रुपमधून. सांगली जिल्ह्यातल्याच एका तरुणाने आम्हाला हा ग्रुप दाखवला. तो स्वतः यातून बाहेर पडलाय. ग्रुपमध्ये फक्त ॲडमिनला लिहिता येतं. तिला सगळे 'मॅम' म्हणतात. साखळीच्या भाषेत ती अपलाइन, आणि बाकीचे तिची डाउनलाइन.

उजाडायच्या आत पहिला मेसेज पडतो. तो वाचूया.

"आजची स्टोरी खाली दिली आहे. फोटो स्वतःचा लावा. मजकुरात बदल करू नका. सातच्या आत टाका. कंपनीचं नाव लिहायचं नाही, कुणी विचारलं तर इनबॉक्समध्ये बोलवा."

कंपनीचं नाव लिहायचं नाही. ही सूचना ग्रुपमध्ये पुन्हा पुन्हा येते. नाव कळलं की माणूस गुगल करतो, आणि गुगल केलं की झूमला येत नाही.

मग फोटोंच्या सूचना. घाटातला फोटो चालेल. गाडीला टेकून उभं राहिलेला चालेल, गाडी कुणाची का असेना. जुना जाडेपणाचा फोटो शोधून ठेवा. बँकेत पैसे जमा झाल्याचा मेसेज आला की स्क्रीनशॉट घ्या, पण फक्त जमेचा. महिन्याच्या सुरुवातीला मालासाठी भरलेले पैसे दिसता कामा नयेत.

आणि हे बघा, आठ वाजताचं. एकीने इन्स्टाग्रामवर पोस्ट टाकली, तिची लिंक ग्रुपमध्ये आली. "सगळ्यांनी जाऊन कमेंट करा." बघता बघता खाली टाळ्या, 'प्राउड ऑफ यू', 'माझंही पाच किलो कमी झालं'. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, केवढी माणसं खूश आहेत! ती सगळी एकाच ग्रुपमधली.

म्हणून या फिल्मच्या सुरुवातीलाच एक गोष्ट सांगून टाकतो. तुमच्या मैत्रिणीच्या स्टेटसवर वाद घालू नका. ते तिने लिहिलेलं नाही. मॅमच्या मजकुराला उत्तर देत बसलात, तर मैत्रिणीशी बोलायचं राहून जाईल.

(दृश्य : वही. रेघी, दोनशे पानी, वर गणपतीचा स्टिकर)

ही वही त्याच तरुणाची. जॉइन झाल्यावर पहिलं काम म्हणजे यादी काढणं. शंभर नावं. नातेवाईक, शाळेतले, कॉलेजातले, गल्लीतले, लग्नात भेटलेले. "कोण येईल आणि कोण येणार नाही हे तुम्ही ठरवू नका, फक्त नाव लिहा," असं सांगितलं जातं.

कॅमेरा जरा जवळ नेऊ. प्रत्येक नावापुढे चार खाने आहेत. ओळख कशी, कमाई किती, ओळखी किती, आणि चौथ्या खान्यात 'दुखणं'. दुखणं म्हणजे या माणसाला काय सलतंय. एका नावापुढे लिहिलंय, 'घराचा हप्ता'. एकापुढे 'सासूशी पटत नाही'. एकापुढे 'नोकरी गेली, घरी सांगितलं नाही'.

हा माणूस त्याचा बारावीपासूनचा मित्र. नोकरी गेल्याचं त्याने फक्त यालाच सांगितलं होतं.

(निवेदन थांबतं. पान उलटणारी बोटं.)

वहीच्या मागच्या पानांवर उत्तरं आहेत. समोरचा नाही म्हणाला तर काय बोलायचं, ते लिहून दिलेलं. 'वेळ नाही' म्हणाला तर : वेळ नाही म्हणूनच तर हे करायचं. 'पैसे नाहीत' म्हणाला तर : पैसे नाहीत म्हणूनच तर. 'ही चेन आहे ना?' असं विचारलं तर : तुमच्या ऑफिसातही वर साहेब आणि खाली शिपाई असतोच की, मग तो पिरॅमिड नाही का? आणि काहीच चाललं नाही तर शेवटची ओळ : "निदान मला सपोर्ट म्हणून एक डबा तरी घे."

या शेवटच्या ओळीला आपल्यातले बहुतेक जण बळी पडतात. भिडेखातर. कंपनीच्या मालाचा एक डबा घेतला तर काय बिघडलं? बिघडतं. साखळीत आयडी, म्हणजे आपलं सभासदत्व, चालू ठेवायचा तर दर महिन्याला ठरावीक पॉइंटांची खरेदी करावी लागते. आपला भिडेचा डबा तिची त्या महिन्याची ठरलेली खरेदी भरून काढतो. तिला वाटतं, गिऱ्हाईक मिळालं, धंदा चालतोय. मग ती आणखी एक महिना माल उचलते. आपण मदत केली असं समजतो तेव्हा प्रत्यक्षात तिला आणखी महिनाभर आत ठेवतो.

(दृश्य : मंगल कार्यालयाचा हॉल, मागच्या दारातून)

हे चित्रण मागच्या रांगेतून आहे. रविवार सकाळ. मुहूर्त नसलेल्या दिवशी मंगल कार्यालयं स्वस्तात मिळतात. मांडवात लावतात तशाच खुर्च्या, स्टेजवर मोठा पडदा, स्पीकरवर कान किटतील असं संगीत. एकेक जण वर येतो, आपली जुनी कहाणी सांगतो. कर्ज, अपमान, कुणीतरी लग्नात बोललेलं वाक्य. मग पडद्यावर गाडीचा फोटो येतो आणि हॉल उभा राहतो.

पुढच्या रांगेतल्या बायका बघा. काठापदराच्या साड्या, गळ्यात कंपनीची रिबन. यातल्या अनेकींच्या नावाने माईकवरून टाळ्या पडण्याची ही पहिलीच वेळ आहे. घरात, सोसायटीत, नोकरीच्या मुलाखतीत जे मिळालं नाही ते इथे दोन तासांत मिळतं. कुणीतरी विचारतं, तुमचं स्वप्न काय? आपल्या मैत्रिणीला हा प्रश्न आपण शेवटचा कधी विचारला होता, हे प्रत्येकाने आठवून बघावं. लोक मूर्ख असतात म्हणून फसतात, असं म्हणणाऱ्यांनी या हॉलमध्ये अर्धा तास बसावं.

(दृश्य : फळा. खडूने आकडे)

हे गणिताचे निवृत्त शिक्षक आहेत. आम्ही त्यांना एवढंच सांगितलं, प्रत्येकाने सहा माणसं आणायची.

६. मग ३६. मग २१६. मग १,२९६. सर बोलत नाहीत, नुसते लिहीत जातात. ७,७७६. ४६,६५६. सातव्या ओळीला २,७९,९३६. आठव्या ओळीला १६,७९,६१६. नवव्या ओळीला १ कोटी ७७ हजार ६९६. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा साधारण २८ लाखांचा होता, तो इथेच संपला. दहावी ओळ ६ कोटी ४ लाखांच्या वर. अकरावी ३६ कोटी २७ लाख. त्याच जनगणनेत अख्खा महाराष्ट्र ११ कोटी २४ लाख.

आता सर खालच्या दोन ओळींभोवती चौकट काढतात. हे झाड कुठल्याही ओळीवर थांबवा, दर ३६ माणसांतली जवळजवळ ३५ या चौकटीत सापडतील. त्यातल्या ३० जणांच्या खाली कुणीही नाही. मेहनत कमी पडली, सकारात्मकता कमी पडली, असं ज्यांना सांगितलं जातं ते हेच. जागाच नव्हती, हे त्यांना कुणी सांगत नाही.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या ग्राहकांच्या हिताची राखण करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२४ साली अशा ७० कंपन्यांची उत्पन्नाची पत्रकं तपासली. बहुतेक सहभागी लोकांची वर्षाची कमाई १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती, तीही बहुतांश पत्रकांत खर्च वजा न करता.

आपल्याकडे कायदा आहे, जुना आहे. १९७८ चा प्राइझ चिट आणि पैसा फिरवणाऱ्या योजनांवर बंदी घालणारा कायदा. त्यात अशी योजना चालवणं गुन्हा आहेच, तिचा सभासद होणं आणि तिच्यात पैसे देणं-घेणंही गुन्हा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय माणसांकरवी थेट माल विकण्याचे, नियम आले. वस्तू विकून कमिशन घेणं या नियमांत बसतं. माणसं जोडल्याबद्दल पैसे देणारा पिरॅमिड बसत नाही. नाव नोंदवायला फी घेता येत नाही, लेखी करार लागतो, विक्रेत्याला ओळखपत्राशिवाय आणि आधी विचारल्याशिवाय तुमच्या घरी येता येत नाही. स्पीक एशिया ही ऑनलाइन सर्वेक्षणांची कंपनी आठवत असेल. ११,००० रुपये भरा, घरबसल्या सर्वेक्षणं भरा, माणसं जोडा. २०११ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत प्रकरण गेलं, तोवर लाखो लोक जोडले गेले होते. त्यांना आत आणणारे बहुतेक ओळखीचेच होते.

(दृश्य : परिचारिका, रात्रपाळीनंतर, बसस्टॉपवर)

परिचारिकांनी आधी सगळे करतात तेच केलं. स्टेटस म्यूट केलं. फोन टाळले. 'बघते', 'पुढच्या महिन्यात', 'मिस्टरांना विचारते'. वहीत यालाही नाव आहे. 'बघते' म्हणणाऱ्यापुढे बरोबरची अर्धी खूण करायची आणि आठ दिवसांनी परत फोन लावायचा. म्हणजे आपण सौजन्याने म्हटलेलं 'बघते' तिकडे होकाराच्या रांगेत उभं राहतं.

मग त्यांनी एक मेसेज लिहिला. कमेंटमध्ये नाही, नर्सिंगच्या ग्रुपवरही नाही. फक्त तिला. त्यांच्या परवानगीने तो इथे दाखवतो.

"अगं, तुझं स्टेटस रोज बघते. मी यातलं काही घेणार नाही आणि जॉइनही होणार नाही. आत्ता नाही, पुढेही नाही. तू विचारलंस याचा राग नाही. रविवारी माझी सुट्टी आहे, डबा घेऊन येते. वांग्याची भाजी करते. कंपनी सोडून सगळं बोलू."

बघा यात काय नाही. कंपनीवर टीका नाही. लिंक नाही. 'तुला फसवलंय' नाही. ते म्हटलं असतं तर मागच्या पानावरचं उत्तर तयारच होतं. 'पुढेही नाही' या दोन शब्दांना मात्र त्या पानावर उत्तर नाही.

पहिलं उत्तर लगेच आलं. "माझ्या यशाच्या प्रवासात निगेटिव्ह लोकांना जागा नाही." ही ओळ आम्ही ग्रुपमध्ये आधी वाचली होती, अक्षरशः.

दुसरं उत्तर रात्री आलं. "वांगी नको. भरली भेंडी आण."

(दृश्य : कपाट उघडतं. डबे, न फोडलेले, वरपर्यंत)

मैत्रिणीने हे कपाट बऱ्याच दिवसांनी, स्वतः उघडून दाखवलं. पाटल्या गहाण होत्या, दिराकडून घेतलेले पैसे परत करायचे होते, नणंद बोलत नव्हती. परिचारिकांनी डबे मोजले नाहीत. तळावरच्या तारखा बघितल्या आणि मुदत संपलेले एका बाजूला काढले.

(निवेदन थांबतं. दोघींचे हात, फक्त हात.)

तुमच्या घरात किंवा मित्राच्या घरात असं कपाट असेल तर पुढचं लक्षपूर्वक ऐका. आधी करार शोधा आणि त्यावरची तारीख बघा. २०२१ च्या नियमांत कूलिंग ऑफची मुदत आहे. त्या मुदतीत दंडाशिवाय करार मोडता येतो, माल परत करता येतो. मुदत उलटली असली तरी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा. तक्रार मिळाल्याची पोच त्याने ४८ कामकाजी तासांत द्यायची आहे. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीतून बोलता येतं. पैसे फिरवण्याचा, म्हणजे नवी माणसं जोडल्यावर पैसे देण्याचा, प्रकार असेल तर पोलीस ठाण्यात १९७८ च्या कायद्याचं नाव घेऊन लेखी अर्ज द्या आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का घ्या.

बरोबर काय न्यायचं? पैसे भरल्याच्या पावत्या, यूपीआयचे व्यवहार, झूमच्या लिंक, अपलाइनचे मेसेज. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. आणि मैत्रिणीचं स्टेटस, ज्यात महिन्याला अमुक लाख मिळतात असा दावा आहे, त्याचा स्क्रीनशॉट तारखेसकट आजच काढून ठेवा. चोवीस तासांनी ते तिथे नसेल, आणि तो दावा तिला कुणी लिहून दिला होता हे दाखवायला तिलाच त्याची गरज लागेल.