राहून गेलेली प्रार्थना

श्रोतेहो, नमस्कार.

आज एका वादकाबद्दल आणि त्यांच्या राहून गेलेल्या एका प्रार्थनेबद्दल बोलणार आहे. त्यांचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल. पण त्यांच्या एका तबकडीवरची एक धून बहुतेकांच्या कानावरून गेलेली आहे. जाहिरातीत, हॉटेलात, कुणाच्या तरी मोबाइलमध्ये. सॅक्सोफोनवरची ती धून माझ्या एका तबलजी मित्राला मी पहिल्यांदा ऐकवली, तेव्हा तो आधी मांडीवर चार मात्रांचा ठेका धरून बसला. दोन आवर्तनांनंतर त्याचा हात हवेतच थांबला. मग अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. "अरे, ही पाचात आहे! तीन आणि दोन. अर्धा झपतालच म्हण की, फक्त उलटा."

त्या धूनचं नाव ‘टेक फाइव्ह’ आणि ती ज्या चौकडीनं वाजवली तिचे म्होरके डेव्ह ब्रुबेक, अमेरिकेतले पियानोवादक. आता गंमत अशी की ही धून त्यांची नाहीच. ती त्यांच्या चौकडीतल्या पॉल डेसमंड या सॅक्सोफोनवादकाची. तिचं मानधन डेसमंडनं मृत्युपत्रात रेडक्रॉसला देऊन टाकलं. तबकडी मात्र ब्रुबेकच्या नावाची, 1959 सालची. तिच्यात नऊ मात्रांचीही एक रचना आहे, दोन-दोन-दोन-तीन अशी. ती चाल त्यांना इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांकडे सापडली. पाश्चात्त्य जाझ तोवर बहुतेक चाराच्या घरात नांदत होतं. म्हणून तिकडे या पाचा-नवाचं केवढं कौतुक झालं. आपल्याकडे पखवाज शिकणारं पोर हे ऐकून "बरं, मग?" असं म्हणेल.

हे लयीचं वेड आलं कुठून? कॅलिफोर्नियात वडील गुरांच्या मोठ्या कुरणाचे व्यवस्थापक. पोरगा तासन् तास घोड्यावर. टापांचा एक ठेका चालू, त्यावर हा मनातल्या मनात दुसरा ठेका चढवायचा. पाण्याच्या टाक्या भरायच्या पंपाचं इंजिन राखायला बसवलं, तर त्या इंजिनाच्या फटफटीवर तिसरा. आई पियानोची शिक्षिका, दोन्ही थोरले भाऊ संगीतातले. या धाकट्याचे डोळे मात्र जन्मापासून अधू. स्वरलिपी वाचायची त्यानं शिताफीनं चुकवली आणि सगळं कानानं उचललं. पुढे संगीताच्या पदवीच्या शेवटच्या वर्षी हे बिंग फुटलं! अखेर आयुष्यात कधी पियानो शिकवणार नाही, असं वचन घेऊन 1942 साली कॉलेजनं त्यांना पदवी दिली.

त्याच वर्षी लग्न झालं. मुलीचं नाव आयोला. पहिल्याच भेटीत दोघांनी ठरवून टाकलं होतं. मग महायुद्ध. फ्रान्समध्ये आघाडीवर जायच्या तयारीत असताना सैनिकांसाठी एक कार्यक्रम झाला, पियानो वाजवायला माणूस हवा होता, यांनी हात वर केला. वाजवणं ऐकून वरच्या अधिकाऱ्यानं सांगितलं, याला पुढे पाठवू नका, बँड बांधू द्या. त्या बँडमध्ये काळे-गोरे एकत्र वाजवायचे. अमेरिकी लष्कर तेव्हा रंगावरून विभागलेलं होतं. पियानोनं जीव वाचवला खरा, पण जे पाहिलं ते मनातून गेलं नाही. बायबलातल्या दहा आज्ञांपैकी ‘हत्या करू नकोस’ ही आज्ञा मानणारी माणसं दोन्ही बाजूंनी एकमेकांना मारत होती. या आज्ञांवर आपण काही तरी रचायचं, असं त्यांनी तेव्हाच मनाशी घेतलं. प्रत्यक्षात ते व्हायला 2005 साल उजाडलं.

आणखी एक प्रसंग सांगतो. ब्रुबेक तो म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर सांगत होते आणि सांगताना त्यांना रडू आवरेना. लहानपणी वडील त्यांना आपल्या एका काळ्या मित्राकडे घेऊन गेले आणि त्याला म्हणाले, याला जरा सदरा उघडून दाखव. त्याच्या छातीवर तापल्या लोखंडाचा डाग होता. ज्या घरात गुरांना डाग द्यायचं काम रोजचं, त्या घरातल्या मुलाला आपण काय पाहतोय हे समजावून सांगावं लागलं नसणार. असं होता कामा नये, एवढंच वडील बोलले. पुढे 1960 साली अमेरिकेच्या दक्षिणेतल्या 25 कॉलेजांचा दौरा ठरला होता. चौकडीतले बासवादक यूजीन राइट काळे. गोरा वादक आणा म्हणून निरोप आले. यांनी नकार दिला. 25 पैकी बहुतेक सगळे कार्यक्रम गेले.

घरची बाजू सांगायची तर ती आयोलाबाईंचीच. सुरुवातीला पत्र्याच्या एका खोलीत पोराबाळांसह राहिले आहेत हे लोक. जाझ तेव्हा दारूच्या गुत्त्यांत वाजायचं, आणि नवरा रात्र रात्र बाहेर. या बाईनं कॉलेजांना पत्रं लिहायला घेतली, एक-दोन नव्हे, शंभरावर. आमच्या नवऱ्याची चौकडी तुमच्याकडे वाजवेल का? कॉलेजांत जाझ पोचलं त्याच्या मागे ही पत्रं आहेत. मुलं सहा, थोरल्याचं नाव डेरियस, आपले गुरू डेरियस मियो यांच्यावरून ठेवलेलं. सहांतली चार संगीतात गेली. पियानो, ट्रॉम्बोन आणि बास, ड्रम, चेलो. जेवायला बसले की मैफल पुरी. 1967 अखेर चौकडी ऐन भरात असताना ब्रुबेकनी मोडली. कारण काय, तर घरी राहायचं आणि मोठ्या रचना लिहायच्या.

आणि हो, ते मुंबईला आले होते. 1958 साली अमेरिकी सरकारनं चौकडीला पोलंडपासून तुर्कस्तान, अफगाणिस्तान, भारत, सिलोन, इराणपर्यंत फिरवलं. शीतयुद्धाचे दिवस, जाझ हा त्यांच्या मुत्सद्देगिरीचा भाग. मुंबईत ते सतारवादक उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसले. जाफरखानी बाज म्हणतात तो यांचाच. एकीकडे सुरांचे जुडगे लावणारा पियानो, दुसरीकडे एकेका सुराला ओढून मींड काढणारी सतार. जमायला अवघडच. पण खाँसाहेबांच्या संगतीत मी वेगळं वाजवायला लागलो, असं ब्रुबेक पुढे सांगत. गांधीजींच्या देशात आलेला हा माणूस तेव्हा 37 वर्षांचा होता, आणि कुठल्याही चर्चचा सभासद नव्हता.

आता मूळ विषयाकडे येतो. आई श्रद्धाळू होती. भावांचा बाप्तिस्मा झाला, याचा राहून गेला. पुढे ब्रुबेकच्या भावाचा सोळा वर्षांचा मुलगा मेंदूच्या गाठीनं गेला. अशा वेळी भावाला काय सांगणार? यांनी ‘तुमचे अंतःकरण अस्वस्थ होऊ नये’ या येशूच्या शब्दांना चाल दिली आणि ती भावाच्या घरी पाठवली. त्या एका चालीतून वाढत वाढत 1968 साली पूर्ण वाद्यवृंद आणि समूहगायनाची रचना झाली, ‘द लाइट इन द विल्डरनेस’. पुढच्याच वर्षी ज्यू आणि काळ्या समाजांना जोडू पाहणारी आणखी एक. म्हणजे बघा, दहा-बारा वर्षं हा माणूस देवावर लिहितोय आणि स्वतः उंबऱ्याबाहेर उभा आहे. मला याचं नवल वाटत नाही. आपल्याकडे मुसलमान गवयांनी कृष्णाच्या बंदिशी गाऊन हयात घालवली. गळा आधी जातो, बाकीचा माणूस मागाहून येतो. कधी येतच नाही, तरी गाणं खरं असतं.

सत्तरीच्या दशकाच्या शेवटी एका कॅथलिक साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना मिस्सा रचायला सांगितलं. मिस्सा म्हणजे आपल्या वसईकरांची रविवारची उपासना, तिचे ठरलेले शब्द असतात. ब्रुबेकनी आधी नाही म्हटलं. मला यातलं काही कळत नाही, म्हणाले. संपादकांनी पिच्छा सोडला नाही. अखेर रचना पुरी झाली आणि एका धर्मगुरूंना ऐकवली. त्यांना फार आवडली. मग त्यांनी विचारलं, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ यात का नाही? प्रभूची प्रार्थनाच राहून गेली होती! स्वयंपाक झाला आणि भातच टाकायचा विसरला, तसलं काही तरी. ब्रुबेक वैतागले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, काम संपलंय, मी बायका-मुलांना घेऊन सुट्टीवर चाललोय.

सुट्टीत एका रात्री स्वप्नात ती प्रार्थना त्यांना ऐकू आली. नुसती चाल नव्हे, गाणारे, वाजवणारे, सगळ्यांसकट. अंथरुणातून उठले आणि विसरायच्या आत कागदावर उतरवून काढली. मिस्सेत ती आजही आहे. मिस्सेचं नाव ‘टू होप’, म्हणजे आशेला. 1980 साली ती सादर झाली आणि त्याच वर्षी, साठीच्या तोंडावर, ते कॅथलिक चर्चमध्ये दाखल झाले.

लोक याला धर्मांतर म्हणायचे. ब्रुबेक हटकून दुरुस्त करायचे. धर्मांतर करायला आधी कुठला तरी धर्म हवा ना, मी कुठलाच नव्हतो, मी नुसता सामील झालो. आपल्याकडे या एका शब्दावरून केवढी रणं पेटतात, आणि हे गृहस्थ व्याकरणाची चूक सुधारावी तसं सांगून मोकळे होतात.

त्यानंतर त्यांनी जाझ सोडलं का? छे! नव्वदीपर्यंत वाजवत होते. चालायला आधार लागे, पण बाकावर बसले की हात तेच. 6 डिसेंबर 2009 ला, त्यांच्या 89 व्या वाढदिवशी, केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. ते प्रेक्षागृहात बसलेले, आणि मंचावर अचानक त्यांचीच मुलं वाजवायला आली. तेव्हाचा त्यांचा चेहरा चित्रफितीत आहे, जमलं तर पाहा.

5 डिसेंबर 2012 ला हृदयविकाराच्या डॉक्टरांकडे जाताना वाटेतच त्यांचं हृदय थांबलं. दुसऱ्या दिवशी 92 पूर्ण झाली असती. आयोलाबाईंशी संसार सत्तर वर्षांचा झाला होता. त्या वाटेवर बरोबर होता थोरला मुलगा, गुरूंच्या नावाचा.

आमच्या निर्मात्यांनी शेवटी वाजवायला ‘टेक फाइव्ह’ काढून ठेवली होती. मी त्यांना ती बदलायला लावली आहे. स्वप्नात आलेली ती प्रार्थना ऐकू या. सुमारे साठ वर्षांच्या एका माणसानं अंधारात, मुलंबाळं झोपलेली असताना, घाईघाईनं लिहून काढलेली.