प्रयोगवही कोणाकडे आणि ब्युरेट कोणाच्या हातात?

नमस्कार. गेले काही आठवडे इंदूर, देवास आणि धार भागातल्या महाविद्यालयांतले अनेक विद्यार्थी मला एकच प्रश्न विचारत आहेत: विज्ञानस्पर्धेच्या अर्जात ‘तुमच्या संघात विविधता आणि समावेशकता कशी जपली जाते’ असा रकाना असतो, त्यात काय लिहावे? रकान्याची भाषा मी सांगणार नाही. संघात काय करावे, तेवढेच आज सांगणार आहे.

प्राथमिक गोष्टी भराभर सांगते. निवडीची सूचना फक्त इंग्रजीत आणि फक्त व्हॉट्सॲपवर देऊ नये, ती हिंदीतही फलकावर लावावी. बैठका रात्री ठेवू नयेत, कारण मुलींच्या वसतिगृहाचे फाटक बंद होते आणि महू किंवा सांवेरहून रोज बसने येणाऱ्यांची परतीची सोय राहत नाही. प्रवासाची वर्गणी सर्वांकडून सारखी मागू नये. हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून पुढे जाते.

खरी अडचण निवड झाल्यानंतर सुरू होते. इंदूरमधल्या एका विद्यार्थी संघाला मी तीन वर्षे मार्गदर्शन केले. धार आणि झाबुआ जिल्ह्यांतल्या हातपंपांच्या पाण्यातले फ्लोराइड मोजणे, हा त्यांचा प्रकल्प होता. फ्लोराइडला रंग नसतो, वास नसतो. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्याहून अधिक फ्लोराइड असलेले पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर आधी दात आणि पुढे हाडे बिघडतात. संघात बारा जण होते, त्यांत पाच मुली आणि तीन आदिवासी भागातली मुले, आणि संघाचे छायाचित्र पाहून मला समाधान वाटत असे.

पहिल्या वर्षाच्या शेवटी मी प्रयोगवही सलग वाचली, तेव्हा ते समाधान उरले नाही. वही अथपासून इतिपर्यंत दोन मुलींच्या सुवाच्य अक्षरात होती आणि त्या दोघींनी वर्षभरात एकही टायट्रेशन, म्हणजे तोटी असलेल्या मापनळीतून (ब्युरेटमधून) द्रावण थेंबथेंब सोडून मोजमाप करण्याचा प्रयोग, केलेला नव्हता. झाबुआकडची मुले पाण्याचे कॅन वाहत होती आणि बाटल्या धूत होती. ब्युरेट, मीटर आणि संगणक या तिन्ही गोष्टी इंग्रजी माध्यमातून आलेल्या, शाळेतच ब्युरेट हाताळलेल्या तीन मुलांकडेच राहिल्या होत्या. अशी वाटणी करा, असे कोणीही सांगितलेले नव्हते. घाई असली की काम ज्याला लवकर जमते त्याच्याकडे जाते, लवकर जमते ते आधी शिकलेल्याला, आणि त्यामुळे शिकलेला अधिक शिकतो आणि न शिकलेला वर्षअखेरीसही बाटल्याच धूत असतो. हे माझ्या डोळ्यांसमोर घडत होते आणि मला दिसले नाही, ही चूक सर्वस्वी माझी होती.

एक प्रतिक्रिया वारंवार येते: ‘आमच्याकडे भेदभाव नाही, दार सर्वांना उघडे आहे.’ हे वाक्य वाचून मी अस्वस्थ होते, आणि त्याला कारण आपल्याच शहरातले आहे. कमला सोहोनी यांचा जन्म इंदूरचा. १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेने त्या स्त्री आहेत म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या अडून बसल्या, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी प्रवेश दिला, पण पहिले वर्षभर नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही आणि त्यांच्या असण्याने पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये, अशा अटी घातल्या. दार उघडले होते आणि अपमान आत गेल्यावरही संपला नव्हता. पुढे १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली, वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावरचे ते संशोधन त्यांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करून केले होते. आज अशा अटी कोणी कागदावर लिहीत नाही, परंतु ‘तुझे अक्षर छान आहे, तू लिही’ या वाक्याने मुलगी उपकरणापासून तेवढीच दूर राहते.

म्हणून दुसऱ्या वर्षी आम्ही कामांची फेरपालट सुरू केली. प्रत्येक सत्राआधी ब्युरेट, मीटर, नोंदी, धुणे आणि आकडेमोड या कामांपुढे फळ्यावर नावे लिहायची आणि लागोपाठ दोन सत्रे कोणालाही तेच काम द्यायचे नाही. इथपर्यंत सोपे आहे. कठीण आहे ते नवशिक्याच्या शेजारी उभ्या असलेल्या अनुभवी मुलाने हात मागे बांधून ठेवणे. अंतिम बिंदू, म्हणजे रंग बदलताच थेंब थांबवायचा क्षण, निसटताना दिसला की तो ‘थांब, मी करतो’ म्हणतो, तोटी फिरवतो, आणि फळ्यावरचे नाव फळ्यावरच राहते. नमुना वाया गेला तर जाऊ द्या, पुन्हा घ्या, परंतु तोटी त्याच हातात राहू द्या.

‘स्पर्धा तोंडावर असताना हे कसे परवडणार?’ असे एका प्रेक्षकाने विचारले आहे. परवडत नाही, हे मान्य आहे. म्हणूनच फेरपालट पहिल्या महिन्यात सुरू करावी लागते, शेवटच्या महिन्यात नव्हे. शिवाय तोटा केवळ मागे राहिलेल्यांचा होत नाही. आमच्या त्या तीन हुशार मुलांना, फ्लोराइडचे नमुने काचेऐवजी प्लॅस्टिकच्या बाटलीत का घेतात, हे परीक्षकांसमोर सांगता आले नाही, कारण बाटलीला त्यांचा हात कधी लागलाच नव्हता.

फेरपालट केल्यावर आणखी एक गोष्ट उघडकीस आली. पाण्यातले बायकार्बोनेट हे क्षार मोजताना मिथिल ऑरेंज या दर्शक द्रव्याचा पिवळा रंग लालसर होतो, तो अंतिम बिंदू. एका मुलाचे आकडे सतत जास्त येत होते आणि त्याला निष्काळजी ठरवले जात होते. त्याला लाल आणि हिरव्या छटा नीट वेगळ्या दिसत नाहीत, हे त्याने लाजेने कोणाला सांगितले नव्हते. आम्ही रंगाऐवजी आम्लता दाखवणाऱ्या पीएच मीटरवर ४.५ हा आकडा गाठायचे ठरवले. त्याचे आकडे जुळले, आणि इतरांच्या आकड्यांतली तफावतही कमी झाली. तेव्हापासून आमच्या आलेखांतही केवळ रंग वेगळे नसत, गोल, चौकोन आणि त्रिकोण अशा खुणाही वेगळ्या असत.

झाबुआच्या ज्या मुलाने वर्षभर कॅन वाहिले होते, त्याच्याकडे नोंदींचे काम आले, तेव्हा त्याने गावातल्या बायकांना भिलीत विचारले की पिण्याचे पाणी नेमके कुठून आणता. आम्ही नमुने घेतले होते ते रस्त्याकडेच्या हातपंपाचे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून बायका ते केवळ गुरांना आणि धुण्याला वापरत, आणि पिण्यासाठी टेकडीपलीकडच्या हातपंपावर जात. आमचे वर्षभराचे आकडे अचूक होते आणि ते त्या गावात कोणीही न पिणाऱ्या पाण्याचे होते.

मराठी प्रेक्षकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. आमच्या संघात चार मुले मराठी घरांतली होती आणि मीही मराठी. चहाच्या वेळी आम्ही नकळत मराठीत बोलू लागत असू आणि पुढच्या सत्राचे निर्णयही तिथेच होऊन जात. उरलेल्या आठ जणांना ते दुसऱ्या दिवशी कळत. मराठी बोलणे सोडायचे कारण नाही, परंतु कामाचा निर्णय मात्र सर्वांसमोर आणि सर्वांना समजणाऱ्या हिंदीतच व्हावा, असा नियम आम्ही केला आणि तो मोडला की कोणीही टोकावे, असे ठरवले. सर्वांत आधी टोकले गेले ते मला, आणि टोकणारी ती होती जिने वर्षभर वही लिहिली होती.

तुमच्या संघाची प्रयोगवही आज उघडा. शेवटच्या दहा पानांवर अक्षर कोणाचे आहे ते पाहा, आणि प्रत्येक पानाच्या कडेला, त्या दिवशी ब्युरेट कोणाच्या हातात होती, ते नाव पेन्सिलीने लिहा.