हात बरा होतो तो उरलेल्या दिवसात

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाच्या घरचे भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुमच्याकडे ते मशीन आहे का?" कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवलेला असतो, त्यात रोबोट पेशंटचा हात हलवत असतो. मी उलट विचारते, घरी त्या हाताने ते काय काय करतात? उत्तर येतं, "मालिश रोज होते की!" मालिशला माझी ना नाही, बरं वाटतं. पण तिथे कष्ट मालिशवाल्याचा हात करतो.

रोबोटची परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमध्ये ७७० पेशंटवर झालेला 'रॅटल्स' हा अभ्यास २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. रोबोटवर सराव केलेल्यांच्या हाताचं काम नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा काही सुधारलं नाही. तेवढाच वेळ फिजिओने करून घेतलेल्या सरावानेही नाही. हे दुसरं वाक्य आमच्या परिषदांमध्ये जरा हळू आवाजात वाचलं जातं!

मग काय लागू पडलं? अमेरिकेतला 'एक्साइट' अभ्यास घ्या, २००६ चा. झटक्याला तीन ते नऊ महिने झालेले २२२ लोक. त्यांच्या चांगल्या हाताला दोन आठवडे जाड मोजा घातला, तोही जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ. जे करायचं ते अधू हाताने, शिवाय रोज काही तास नेमून दिलेला सराव. फरक पडला आणि वर्षभरानंतरही टिकला. अट एकच: मनगट आणि बोटं थोडी तरी उघडता यायला हवीत. हात पूर्ण लुळा असेल तर हा उपाय नाही, आणि तसं स्पष्ट सांगायला हवं.

आता हा मोजा परळच्या चाळीत आणा. डावी बाजू गेली असेल तर पंचाईत होते. डाव्या हाताने जेवा म्हटलं की आजी ताटावरून उठतात. तिथे हट्ट करू नये. उजव्याला मोजा, डाव्याने बादलीत तांब्या बुडवायचा, कपडे दोरीवर टाकायचे, लसूण सोलायचा. लसूण फार गुणी. पाकळी निसटते, चिमूट पुन्हा जुळवावी लागते, आणि अर्ध्या तासात चिमटीचा जेवढा सराव होतो तेवढा आमच्या टेबलावर क्वचितच होतो.

"म्हणजे घरच्यांना शिकवलं की झालं," असं कुणी म्हणेल. तेही तपासून झालंय, आणि आपल्याच देशात. 'अटेंड' अभ्यासात १४ रुग्णालयांतले १२५० पेशंट होते; निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम करून घ्यायला शिकवलं. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखंच, ४७ टक्के. काहीजण यावरून घरच्यांना मोडीत काढतात. मला ते पटत नाही. पाण्याची वेळ, डबे आणि नोकरी सांभाळणाऱ्या सुनेवर आपण आणखी एक काम टाकतो आणि मग निकाल तिच्या नावावर लिहितो. व्यायाम वेगळा काढून दिला की तो राहून जातो. कामातच बसवला तर टिकतो, असा माझा अनुभव आहे. त्याचा मोठा अभ्यास इथे व्हायला हवा.

चालण्याबद्दल थोडक्यात. पट्ट्याने टांगून ट्रेडमिलवर चालवणं आणि घरी फिजिओने व्यायाम घेणं, यांची तुलना २०११ साली ४०८ जणांवर झाली. वर्षाअखेर दोन्हींत फरक नव्हता. संशोधनात चालीचा वेग मोजतात, सेकंदाला ०.८ मीटरच्या वर गेलात तर तुम्ही मोकळेपणी बाहेर फिरू शकता असं धरतात. धरणारे दादरला संध्याकाळी सहा वाजता आलेले नसावेत. इथे जिना, धक्का, फलाट आणि गाडीतलं अंतर, एका हाताने दांडा धरणं हे सगळं मोजायला हवं, आणि त्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. हाजीअलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था १९५५ पासून आहे, केईएम आहे, सायन आहे. पेशंटही आहेत.

तर पुढच्या वेळी फिजिओकडे जाल तेव्हा मशीनचं नंतर विचारा. आधी विचारा, उद्या सकाळी उठल्यापासून हा हात कुठल्या कामाला लावू? चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.