गाईंच्या मागे, उन्हाळाभर

[दृश्य: इंटरलाकेन. कुरसालची बाग, सेल्फी काढणारी मंडळी.]

इंटरलाकेनच्या या बागेत यश चोप्रांचा पुतळा आहे. 2016 साली बसवलेला. आपल्याकडून आलेली मंडळी त्याच्याशेजारी उभी राहून फोटो काढतात आणि लगेच युंगफ्राऊच्या गाडीकडे पळतात. साहजिक आहे. स्वित्झर्लंडची हिरवी कुरणं आपल्या घराघरांत पोचवली ती याच माणसाच्या सिनेमांनी. त्या गवतावर नायक-नायिका नाचून गेले, शिफॉनच्या साड्या वाऱ्यावर उडून झाल्या. पण डोंगरउतारावरचं ते गवत वर्षानुवर्षं इतकं नीटनेटकं राहतं कसं, असं विचारावंसं काही आपल्याला वाटलं नाही.

उत्तर समोरच आहे. गळ्यात घंटा बांधून चरतंय.

[घंटांचा आवाज. कॅमेरा उतारावर.]

इथली बरीचशी कुरणं निसर्गानं तयार करून दिलेली नाहीत. शेकडो वर्षं गुरं चरली आणि माणसांनी झुडपं तोडली, म्हणून ती टिकली. चराई थांबली की काही वर्षांतच झुडपं माजतात आणि त्यांच्या मागोमाग रान येतं. देशाच्या शेतजमिनीपैकी सुमारे एक तृतीयांश जमीन ही अशी उन्हाळी कुरणं आहेत. गुरं वर नेणाऱ्यांना सरकार त्यासाठी अनुदान देतं. आपण ज्याला निसर्गसौंदर्य म्हणतो, ते इथे राबून राखलं जातं आणि त्याची मजुरीही दिली जाते. मला तरी हे कळल्यावर तो डोंगर जास्त आवडला.

मे संपत आला की गुरं वर निघतात. आपेन्झेल भागात ही चढण बघण्यासारखी असते. सगळ्यात पुढे पांढऱ्या शेळ्या आणि पारंपरिक कपड्यांतली मुलं. मागे पिवळ्या चामडी विजारीतला गवळी, मग मोठाल्या घंटा बांधलेल्या तीन गाई आणि त्यांच्यामागे उरलेला कळप. रस्त्यावरच्या मोटारी मुकाट्यानं थांबतात. हॉर्न कुणी वाजवत नाही.

वर मुक्काम साधारण शंभर दिवसांचा. पण तो काही सुट्टीतला मुक्काम नसतो. पहाटे चारच्या सुमारास उठायचं, दिवसातून दोनदा धारा काढायच्या, कुंपणं बघायची, लाकडं फोडायची. अलीकडे या कामाला जर्मनीतून, इटलीतून हंगामी माणसं येतात. त्यांत ऑफिसातून लांब रजा काढून आलेलेही असतात.

[दृश्य: लाकडी झोपडी. आत धूर, तांब्याचा मोठा हंडा.]

आपण आता व्हो कँटनमधल्या लेतिवा भागात आलोय. कँटन म्हणजे इथलं राज्य. इथल्या चीजचं नावही लेतिवाच. 1930 च्या दशकात इथल्या काही कुटुंबांना वाटू लागलं, की ग्रुयेर चीजचे सरकारी नियम सैल होत चाललेत आणि दर्जा घसरतोय. ती बाहेर पडली आणि 1932 मध्ये त्यांनी आपली सहकारी संस्था काढली. तिचे नियम आजही कडक आहेत. चीज 10 मे ते 10 ऑक्टोबर या काळातच करायचं. दूध वरच्या कुरणावरच्या गाईंचंच हवं. आणि ते तापवायचं उघड्या लाकडाच्या जाळावर. 2000 साली या चीजच्या नावाला संरक्षण मिळालं, म्हणजे दुसरीकडचं चीज या नावानं विकता येत नाही. वाइन सोडली तर असा दर्जा मिळवणारा हा स्वित्झर्लंडमधला पहिला पदार्थ.

हंड्याजवळ या. रात्रीचं दूध साय काढून ठेवलेलं असतं, त्यात सकाळचं ताजं दूध पडतं. दूध कोमट झालं, साधारण 32 अंशांवर आलं, की त्यात दूध गोठवणारं रेनेट घालतात. ते वासराच्या जठरातून काढलेलं असतं. कडक शाकाहारी प्रवाशांनी हे ध्यानात ठेवावं. चीज म्हणजे दूधच की, असं म्हणून पुढे जाण्याआधी एकदा विचारून घेतलेलं बरं.

अर्ध्या-पाऊण तासात दूध थापट मारली तर थरथरेल इतकं घट्ट होतं. मग तारा ताणलेली एक चौकट त्यात फिरवतात आणि सगळ्या दह्याचे गव्हाएवढे दाणे करतात. पुन्हा जाळ, पन्नासच्या वर. हात सतत चालू. तो ढवळणारा माणूस मध्येच मूठभर दाणे उचलतो, दाबतो, अंगठ्यानं मोडून बघतो. भिंतीवर तापमापक आहे, पण हंडा जाळावरून कधी सरकवायचा हे तो या मुठीवरून ठरवतो.

[आवाज: हंडा लोखंडी खुंटीवरून फिरताना.]

आता सगळ्यात बघण्यासारखं काम. कापडाची एक कड लवचीक पट्टीवर गुंडाळायची, दुसरी कड दातांत धरायची, हंड्यावर ओणवं व्हायचं आणि पट्टी तळाशी सरकवत सगळे दाणे एका झोळीत गोळा करायचे. वाफ तोंडावर, पाणी कोपरापर्यंत. झोळी वर आली की ती साच्यात घालून दाबतात. दहा लिटर दुधाचं चीज होतं जेमतेम एक किलो. उरलेली निवळी जाते डुकरांना. हीच निवळी घालून इथे एक शीतपेयही करतात, रिव्हेला नावाचं, 1952 पासून. दुकानात दिसलं तर जरूर चाखा. पहिल्या घोटाला नाक मुरडाल, दुसऱ्याला नाही.

जेवणाचं म्हणाल तर वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचं फॉन्ड्यू सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते साऱ्या देशाचं राष्ट्रीय खाणं झालं ते 1930 च्या दशकात. चीज विकणाऱ्या संघानं जाहिराती करकरून ते घराघरांत नेलं. डोंगरावरचं पोटभरीचं खाणं वेगळं आहे. त्याला म्हणतात आल्पलरमाग्रोने. मॅकरोनी आणि बटाटे एकाच भांड्यात, वर साय, मुठी मुठी चीज आणि लोण्यात लालबुंद परतलेला कांदा. पथ्यावर असलेल्यांनी कान झाकून घ्यावेत. हे सगळं एका भांड्यात आलं यात नवल नाही. मॅकरोनी वाहून न्यायला हलकी, टिकायला पक्की, आणि दूधदुभतं हाताशीच. सोबत वाटीत सफरचंदाचा गोड गर येतो. ताटात ही चूक झालीय असं समजून तो बाजूला सारू नका. त्याच्याशिवाय ते जड जेवण खाली उतरत नाही.

[संध्याकाळ. डोंगराच्या कडेला उभा एक माणूस.]

उरी, श्विझ, आपेन्झेल इनररोडेन अशा कॅथलिक कँटनांमध्ये सांज झाली की गवळी कुरणाच्या टोकावर येतो. दूध गाळायचं लाकडी नरसाळं तोंडाला लावतो आणि दरीकडे तोंड करून लांब हेल काढत प्रार्थना म्हणतो. मेरीला आणि संतांना हाक असते, माणसांना आणि गुरांना सांभाळा म्हणून. आवाज जिथवर पोचतो तिथवर रात्री राखण होते, असा समज. टाळ्या वाजवू नका. तो कार्यक्रम नाही.

[दृश्य बदल: भुसा, गर्दी, ऑगस्टचं ऊन.]

कोल्हापूरच्या तालमीत वाढलेल्याला इथे दुभाष्या लागणार नाही. आखाडा आहे, फक्त तांबड्या मातीच्या जागी लाकडाचा भुसा. याला म्हणतात श्विंगेन. दोघांनी आपल्या कपड्यांवरून तागाच्या जाड कापडाची आखूड विजार चढवलेली असते आणि पकड धरायची ती त्या विजारीचीच. विजारीवरची पकड सुटली की पाडलेलं मोजत नाहीत. भुशात पाठ टेकली की कुस्ती संपली. वजनगट नाहीत. कुणाची कुस्ती कुणाशी लावायची हे पंच ठरवतात. जिंकणारा हरलेल्याला हात देऊन उठवतो आणि त्याच्या पाठीवरचा भुसा झटकतो. हे ऐच्छिक सौजन्य नव्हे, रीतच आहे.

दर तीन वर्षांनी राष्ट्रीय मैदान भरतं. पहिलं 1895 साली बील शहरात झालं. 2019 मध्ये त्सुगला तात्पुरतं स्टेडियम उभारलं होतं, 56,500 आसनांचं. दोन दिवसांसाठी उभं केलं आणि नंतर उतरवलं. जिंकणाऱ्याला ‘राजा’ म्हणतात, आणि हा किताब जन्मभराचा. बक्षीस म्हणून वळू मिळतो. रोख रकमेची थैली नाही. बाकीच्यांसाठी घंटा, फर्निचर, गुरं असा बक्षिसांचा मांडव सजलेला असतो. बरेच विजेते वळूची किंमत घेऊन त्याला मालकाच्याच गोठ्यात ठेवतात, कारण राजा झालेला गडी सोमवारी सुतारकामाला किंवा ऑफिसला जायचा असतो.

2025 चं मैदान मोलिसला झालं. शेवटची कुस्ती सामुएल गीगर आणि वेर्नर श्लेगेल यांच्यात. ती बरोबरीत सुटली आणि राजा झाला तिसराच, आर्मोन ऑर्लिक. दोन दिवसांच्या गुणांत तो पुढे होता. निकाली कुस्तीची सवय असलेल्या आपल्या माणसांना हे पचायला जड जाईल. मलाही गेलं.

[दृश्य: शिंगं असलेली एक गाय, जवळून.]

हिच्या शिंगांवर या देशानं मतदान केलं आहे. गंमत नाही. मोकळ्या गोठ्यांत गाई एकमेकींना जखमी करतात म्हणून बहुतेक ठिकाणी वासरांची शिंगं लहानपणीच जाळून काढतात. आर्मिन कापाउल या डोंगरी शेतकऱ्याला ते पटेना. शिंगं ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना अनुदान द्या, एवढंच त्याचं म्हणणं. लागतात त्या एक लाख सह्या त्यानं जमवल्या आणि 25 नोव्हेंबर 2018 ला देशभर मतदान झालं. प्रस्ताव पडला, पण सुमारे 45 टक्के मतं शिंगांच्या बाजूनं पडली. घंटांचंही तसंच आहे. गावात नव्यानं राहायला आलेले लोक रात्रीच्या किणकिणाटाची तक्रार करतात, गाववाले चिडतात आणि प्रकरण ग्रामसभेपर्यंत जातं.

[सप्टेंबर. थून सरोवराच्या वर, युस्टिसटाल.]

सप्टेंबरात गवत संपतं आणि गुरं खाली यायला निघतात. युस्टिसटालच्या या दरीत त्याच दिवशी उन्हाळाभराचा हिशेब होतो. त्याला म्हणतात खेस्टाइलेट. लाकडी कोठारांतून चीजची चाकं हातोहात बाहेर येतात आणि गवतावर त्यांच्या थप्प्या लागतात. ज्याच्या गाईनं जेवढं दूध दिलं, त्या प्रमाणात त्याचा वाटा. पण कुणाला कुठली थप्पी हे चिठ्ठी ठरवते. जूनचं चीज वेगळं, ऑगस्टचं वेगळं, तेव्हा नंतर कुरबुर नको. नाव निघालं की घरची माणसं रांग करून आपली थप्पी गाडीवर चढवतात. बघे भरपूर असतात आणि वाटेत उभे राहून शिव्या खातात. मग माथ्यावर फुलांचे तुरे बांधलेल्या गाई निघतात.

2023 साली युनेस्कोनं आल्प्समधल्या या सगळ्या उन्हाळी गुरंराखणीची वारशाच्या यादीत नोंद केली.

तुम्ही येणार असाल तर दोन-तीन गोष्टी. कुरणातून जाणारी पायवाट सगळ्यांना खुली असते, पण उघडलेलं फाटक मागे लावायचं. वासरासोबतच्या गाईपासून लांब राहायचं, फोटोसाठी वासराला हात लावायचा नाही. दरवर्षी कुणी ना कुणी ही हौस करून मार खातं.

आणि चीज दुकानापेक्षा शेतावरून घ्या. रस्त्याकडेला गोठ्याच्या भिंतीशी एक फ्रिज ठेवलेला असतो, आत तुकडे, त्यांवर किमती आणि बाजूला पैशांची पेटी. माणूस नसतो. हल्ली फोनवरून पैसे द्यायचा कोडही चिकटवलेला असतो, पण तो स्विस बँकखात्यावर चालतो, आपल्या अॅपवर नाही. म्हणून सुटी नाणी जवळ ठेवा. पन्नासाची नोट पेटीत टाकलीत तर मोड द्यायला तिथे कुणी नाही.